शिवणीतलं कापड

माझे सासरे शिंपी. बोलायला कंजूष आणि कात्रीच्या बाबतीत त्याहून. दहा वर्षं मी त्यांच्या दुकानात काज-बटणं केली, तेव्हा कुठे मला कात्रीला हात लावू दिला. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की टेप गळ्यातच ठेवून माप सांगायचे. 'आपलं माप चुकत नाही' हा त्यांचा तोरा, आणि खरंच चुकायचं नाही.

पोस्टमनकाका त्यांचे लहानपणापासूनचे मित्र. ते आजारी पडले आणि बघता बघता निम्मे झाले. एक दिवस काकू त्यांचा शर्ट पिशवीत लपवून घेऊन आल्या.

"भावोजी, अंगावर नुसता लोंबतो हो. आरशात बघतात आणि ताट बाजूला सारतात. त्यांच्या नकळत जरा आत घ्याल?"

मामंजींनी दोन्ही बाजूंनी बोटभर आत घेतला. मी सवयीनं आतलं जादा कापड छाटायला कात्री उचलली, तसे ते कडाडले, "कापू नकोस!" मग खाली बघत म्हणाले, "लागणार आहे ते त्याला."

मला रागच आला. डॉक्टरांनी हात टेकले होते आणि हे कापड राखून ठेवतायत! माणसानं किती वेडी आशा धरावी?

काकू दर महिन्याला यायच्या, दर वेळी आणखी बोटभर. आतली घडी बरगड्यांना टोचू नये म्हणून मामंजी ती हातानं बारीक टाके घालून बसवायचे. चौथ्या खेपेला त्यांनी स्वतःच कात्री उचलली, थोडा वेळ तशीच धरली आणि खाली ठेवली. काकू शर्ट हातात आला की आधी उलटा करून बघायच्या. कापड जागेवर दिसलं की शर्ट पिशवीत घालून घरी जायच्या. मग मीही कात्री लांब ठेवू लागले.

एका सकाळी काठी टेकत काकाच दुकानात हजर. दारातूनच ओरडले, "अरे शिंप्या, म्हातारा झालास की! शर्ट काखेत काचतोय. मापं चुकायला लागली तुझी!"

दुसरं कुणी असतं तर मामंजींनी पायरी चढू दिली नसती.

"चुकलंच माझं," ते म्हणाले. "काढ इकडे."

शर्ट उलटा करून ते ब्लेडनं टाका शोधत बसले. बराच वेळ शोधला. मग ब्लेड माझ्यापुढे धरलं.

"तू उसव गं. मला दिसत नाहीये."

मलाही धड दिसत नव्हतं. पण उसवलं.