'सोडा' म्हणजे नक्की काय सोडा?

सासऱ्यांना मारायचा माझा अजिबात विचार नव्हता. उलट भिवंडीतली ड्युटी बुडवून, स्वतःची हत्यारं घेऊन (पक्कड आणि टेस्टर, गैरसमज नको!) मी अंजूरला सासुरवाडीला गेलो होतो, तो मेहुण्याच्या हळदीला लायटिंग करायला. मंडपवाला आपला माणूस पाठवत होता, पण मीच छाती पुढे काढून बोललो, "जावई वायरमन असताना बाहेरचा कशाला?" लूमच्या कारखान्यांत मोटारी दुरुस्त करणारा माणूस मी. चार माळा पेटवायला काय लागतं? (अक्कल लागते. ते नंतर कळलं.)

आता आमच्या धंद्यात करंट कोणी 'चालू' करत नाही, करंट 'सोडतात'. म्हणून घरातला मेन स्विच बंद केला, त्याच्यापाशी बायकोला उभं केलं आणि बजावलं, "संगीता, मी बाहेरून 'सोड' बोललो की सप्लाय सोडायचा. त्याआधी हात लावायचा नाही."

"बरं. पण पाहुण्यांसमोर खेकसू नका हां माझ्यावर," ती बोलली.

मी शिडीवर चढून मंडपाच्या पाइपाला केबल बांधायला घेतली. केबलचं एक टोक आत मेन स्विचला जोडलेलं. दुसरं टोक खाली मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या हातात. हे टोक मी हुशारी करून आधीच सोलून ठेवलं होतं. तांब्याच्या दोन उघड्या तारा त्यांच्या मुठीच्या बोटभर वर चमकत होत्या.

"मामा, दुसऱ्या कोणाला द्या ना."

"मना काय म्हातारा समजतंस? धरलाय मी!"

तेवढ्यात फाटकातून कोणीतरी हाक मारली, "ओ यजमान!" आणि मामा केबलसकट पाहुण्यांच्या स्वागताला निघाले! केबलचा वेढा माझ्या पायाला. पाय एकीकडे, शिडी दुसरीकडे.

"मामा, सोडा!"

"काय?"

"अहो, सोडा! सोडा लवकर!"

आतून गोड आवाज आला, "सोडलाय!"

आणि स्वयंपाकघरातला मिक्सर कोकलायला लागला. लाईट बंद केली तेव्हा सासूबाई खोबरं वाटत होत्या, बटण तसंच राहिलेलं. मिक्सर चालू म्हणजे करंट आला. करंट आला म्हणजे तो मामांच्या मुठीशी येऊन थांबलाय!

मामा अनवाणी. अंगणात नुकतंच पाणी शिंपडलेलं. दोन हातांवर पाटावर नवरदेव, भोवती बायका, धवलारीण हळदीची गाणी म्हणतेय. मामांनी बोट वर सरकवलं तर मामा जाणार, केबल खाली टाकली तर नवरदेव! आणि कोणी मेलं तर ते माझ्यामुळे मेलं, एवढंच डोक्यात घणघणत होतं.

"मामा, सोडू नका! हलू नका! सोडू नका!"

मामा भडकले. "आता बोललास सोडा, आता बोलतंस सोडू नका! येक काय ता बोल!"

"बोट वर नेऊ नका! पाया पडतो!"

"मंग खाली उतरून पड ना!" आणि हे सांगायला त्यांनी केबलचाच हात माझ्याकडे नाचवला. त्या उघड्या तारा त्यांच्या मिशीजवळून गेल्या. मी डोळे मिटले आणि देवाला सत्यनारायण बोललो.

मिक्सर थांबला.

कारण 'सोडू नका' ऐकून संगीताने स्विच पुन्हा बंद केला होता. पण हे मला कुठे माहीत! मला वाटलं, देव पावला. अंगातला सगळा जीव गोळा करून मी बोललो, "मामा... आता सोडा."

मामांनी सोडली.

आतून संगीतानेही सोडला!

फाट्! दोन उघड्या तारा ओल्या जमिनीवर एकमेकींना भिडल्या, निळा जाळ उठला, धवलारीण गाणं टाकून पळाली आणि नवरदेव पाटासकट मागे उलटला. खरं तर घरातला फ्यूज उडायला हवा होता. पण लोड जास्त म्हणून सकाळीच मी त्यात जाडजूड तार घातली होती. त्यामुळे उडाला तो खांबावरचा, आणि आळीतली सगळी घरं अंधारली.

मी उतरून आधी मामांचे हात उलटेसुलटे करून पाहिले. धडधाकट होते. मला रडूच फुटलं. मग रडता रडताच बायकोवर ओरडलो, "'सोड' ठरलं होतं ना आपलं? 'सोडा' मी मामांना बोलत होतो!"

"मला काय ठाऊक?" तीही रडकुंडीला आलेली. "मला वाटलं, माहेरच्या माणसांत एकदा तरी मला मान देताय!"

यावर अंगणातल्या तमाम बायकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की करंट परवडला.

शेवटी मंडपवाल्याचा माणूस आला. त्याने खांबावरचं काम करवून घेतलं, घरातला फ्यूज उघडला आणि ती जाड तार बाहेर काढली. "हे कुठल्या गाढवाने घातलं?"

मग मामा बोलले, "व्हता येक. पलाला."

मी बाजूला उभा राहून टेस्टर खिशात सारत होतो. मंडपवाल्याचा माणूस माझ्याकडे वळला. "दादा, तुम्ही जरा लांब उभे राहा. करंटचं काम आहे, सगळ्यांना जमत नाही."

मी मुकाट्याने चार पावलं मागे सरलो.

मागून मामांचा आवाज आला, "अजून लांब!"