रशीदभाईंचा माईक

रशीदभाई बेशुद्ध माणसालाही आधी नाव विचारत. उत्तर येणार नाही हे ठाऊक असायचं, तरी क्षणभर थांबत आणि मग केसपेपर बघून म्हणत, "बरं, गुलाबराव. आता अंदर खटखट होईल. भ्याचं नाही." अमरावतीच्या आमच्या स्कॅन सेंटरवर ते एमआरआयचे टेक्निशियन. मूळचे चांदूर बाजारचे, घरी बैलांचा व्यापार. मी पुण्याहून मेंदूविकार शिकून आलेली, डोक्यात हवा असलेली डॉक्टर. त्यांच्या या विचारपुशीवर एकदा हसले, तर म्हणाले, "मॅडम, जबान बंद झाली म्हनून मानूस बंद होत नसते."

त्या वर्षांत दवाखान्यांचे वॉर्ड फवारणीचं औषध पोटात गेलेल्यांनी भरलेले असायचे. जो बोलतच नाही त्याच्यापाशी थांबायला कुणाला फुरसत नव्हती. रशीदभाईंना होती. तसे चिडकेही होते. वॉर्डबॉयने "हे कुठं ठेवू?" म्हणून स्ट्रेचर ढकललं की कडाडत, "पोतं हाय का ते? नाव घे त्याचं."

गुलाबराव गाडीवरून पडले होते, डोक्याला मार. दीड वर्ष निपचित. डोळे उघडे, पण ओळख नाही. नाकातल्या नळीवर पोट. बायको इंदूबाई म्हणायची, "त्यायले समजते." थोरले भाऊ म्हणायचे, हाल पुरे झाले, नळी काढून घरी नेऊ. मी नुकतंच वाचलं होतं की अशा रुग्णाला मनातल्या मनात हात चालवायला सांगावं. त्याला समजत असेल तर मेंदूतली हाताची जागा स्कॅनमध्ये उजळते. परदेशात टेनिस खेळायला सांगत. मी फार अक्कल लावून टेनिसच्या जागी कापूस घातला. खूण मिळाली तर नळी ठेवायची, नाहीतर काढायची, असं भावांशी ठरलं.

रविवारी दुपारी मशीन मोकळं होतं. मी माईकवर सांगितलं, "गुलाबराव, तुम्ही शेतात कापूस वेचताय." अर्धा मिनिट वेचा, अर्धा मिनिट थांबा, असं पाच वेळा. काही उमटलं नाही. पुन्हा केलं, तरी नाही. बाहेर भावांनी बाकावरच्या चादरीची घडी करायला घेतली. इंदूबाई भिंतीला टेकून बसली होती. मला रडू येत होतं आणि ते लपवायला मी कागद चाळत होते.

डॉक्टरांच्या कामात कधी तोंड न घालणारे रशीदभाई तेव्हा बोलले. "मॅडम, कापूस बाया वेचतात. गडीमानसानं जलमात वेचला नसंल तो. त्याले त्याचं काम सांगा ना."

माझी सगळी शिकवणी एका दमात झाली. त्यांनी माईक ओढून घेतला. "गुलाबराव, डवरा धरा. दोनी हातानं दाबून. पऱ्हाटीच्या तासातून चाला." डवरा म्हणजे उभ्या पऱ्हाटीतलं, कपाशीतलं, तण काढायचं बैलांचं औत. अर्ध्या मिनिटाने म्हणाले, "बैल थांबवा." मग पुन्हा, "धरा."

संगणकाने चित्र जुळवायला वेळ घेतला. हाताच्या जागी ठिपका होता. धरा म्हटलं की उजळलेला, थांबवा म्हटलं की विझलेला, पाचही वेळा.

"इंदूबाई रोज बोलून राहिल्या ते समजते का?" रशीदभाईंनी विचारलं. "समजत असंल तर डवरा धरा. नसंल तर निवांत बसा."

ठिपका उजळला. माझ्याकडे आणखी दहा प्रश्न लिहून तयार होते. पण इंदूबाई आत आली आणि पडद्याकडे न बघताच म्हणाली, "आता पुरे करा. थकले असतीन."

"बैल सोडा, गुलाबराव," रशीदभाई माईकवर म्हणाले.

रशीदभाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. रुग्णाच्या उशाशी नातेवाईक हलक्या आवाजात बोलू लागले की मला ते आठवतात, आणि त्या दिवशीचे गुलाबरावांचे भाऊही. नळी राहणार हे कळल्यावर भाऊ आत येऊन मशीनच्या खोलीच्या काचेपाशी उभे राहिले. चेहरा उतरलेला.

"दीड वर्स आमी त्याच्या उशाशी बसूनच नळी काढाच्या गोष्टी केल्या," ते म्हणाले. "ते बी ऐकलं असंल का त्यानं?"

मी धीर द्यायला तोंड उघडलं. रशीदभाईंनी हातानेच मला थांबवलं.

"ऐकलं असंल," ते म्हणाले. "आता जा, दुसरं काही ऐकवा."