पदरावरून तपासलेली बाई

बीपी एकशे नव्वद. चौथी गोळी लिहिता लिहिता डॉक्टरसाहेबांनी शैलाला फैलावर घेतलं. गोळ्या घेत नाहीस, लोहगडवाडीच्या तुझ्या स्टॉलवर दिवसभर खारं ताक पीत बसतेस, असं भरल्या ओपीडीत ऐकवलं.

शैला तिशीच्या आतली. तिनं गोळ्यांची रिकामी पाकिटं टेबलावर ओतली. "साहेब, चार महिनं अळणी खातीया. घरचे माझ्या हातचं जेवाय तयार न्हाईत."

"गोळ्या कोंबड्यांना घातल्या असशील," साहेब म्हणाले. लोक हसले.

लोणावळ्याच्या त्या दवाखान्यात मी तीस वर्षं आया होते. शाळा चौथीपर्यंत. तरी या वयात एवढं बीपी सरळ नाही, हे कळत होतं. तसं मी बोललेही. साहेबांनी मला फरशी पुसायला सांगितलं.

पंधरा दिवसांनी शैला पाय सुजवून आली. लघवी कमी झालेली. रक्ताच्या रिपोर्टात किडनी बिघडत चाललेली. साहेब रजेवर होते, म्हणून नव्या मॅडमनी पाहिलं. त्यांनी मला पडद्याआड बोलावलं, शैलाची साडी सैल करायला लावली आणि बेंबीच्या वर स्टेथोस्कोप ठेवला. मग मलाही ऐकवलं. प्रत्येक ठोक्याला सूंऽ आवाज, अर्धवट बंद नळासारखा.

किडनीला रक्त नेणारी शीर आतून चिंचोळी झाली, की किडनीला वाटतं अंगात रक्तच कमी आहे. मग ती बीपी चढवत राहते. साहेबांची चौथी गोळी अशा किडनीला आणखी दुबळं करते. मॅडमनी ती त्याच क्षणी बंद केली. पुण्यात डॉप्लर झाला, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. दोन्हीकडच्या शिरा अरुंद निघाल्या. मांडीतून तार घालून, फुग्यानं त्या रुंद केल्या.

हा आवाज चार महिने पोटात होताच. पण बाईचं पोट उघडं करायचं तर आया जवळ लागते, आणि तिला हाक मारायचा साहेबांना कंटाळा. पदरावरूनच छाती तपासून सोडायचे. बायकाही लाजून गप्प राहायच्या. मीही कधी आपणहून आत गेले नाही.

किडनी सावरली. शैला आता एकाच गोळीवर आहे. तिच्या केसपेपरवर 'पेशंट गोळ्या घेत नाही' असं साहेबांच्या अक्षरात लिहिलेलं होतं. साहेब रजेवरून आल्यावर मी त्यांना म्हटलं, एवढं खोडा.

"मावशी, केसपेपर खोडत नसतात."

मग लिहिण्याआधी आयाला हाक मारत जा, म्हटलं. आम्ही बाहेरच असतो.