जाळीआडच्या मामी

समोरच्या मामी स्वयंपाक कानांनी करायच्या. त्यांच्या दारापासून माझ्या दारापर्यंत पाच फूट आणि तिथून माझ्या ओट्यापर्यंत अकरा. मी मोजलं होतं. एवढ्या अंतरावरून माझ्या कढईत काय चाललंय ते त्यांना माझ्या आधी कळायचं. "मोहरी थांबली. आता हिंग," असा आवाज त्यांच्या जाळीच्या दाराआडून यायचा आणि मी हिंग घालायचो.

दोन हजार पाच-सहाचा सुमार. भाईंदर पूर्वेला आमची चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली इमारत. मामींचं घर आणि आमचं घर चौथ्या मजल्यावर समोरासमोर. मी औषधांच्या एका गोदामात साठ्याच्या नोंदी ठेवायचो, दुसऱ्या पाळीत. बायकोला शाळेत नोकरी लागली आणि दुपारचं जेवण माझ्याकडे आलं. तोवर मला फक्त चहा येत होता.

मामींच्या जाळीला बाहेरून कुलूप असायचं. मुलगा संदीप आणि सून सकाळी पावणेआठला निघायचे ते संध्याकाळी उशिराच परतायचे. एकदा मामी दूध गॅसवर ठेवून झोपल्या आणि पातेलं जळून घरभर धूर झाला. दुसऱ्या वेळी कोथिंबीर आणायला खाली उतरल्या, परत चढताना गुडघे आखडले आणि दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर तीन तास बसून राहिल्या. त्यानंतर संदीपने सिलिंडरचा रेग्युलेटर काढून कपाटात ठेवला, जाळीला कुलूप घातलं आणि एक किल्ली माझ्याकडे दिली. आग लागली किंवा आईला बरं नसलं तरच उघडायचं, असं त्याने सांगितलं. "दादा, तुम्ही शब्दाचे पक्के, म्हणून तुमच्याकडे देतोय." मुलगा वाईट नव्हता. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

मी स्वयंपाकही गोदामासारखाच करायला गेलो. डाळ पाऊण वाटी, पाणी सव्वादोन वाट्या, कुकरच्या चार शिट्ट्या, असं सगळं वहीत लिहून. पहिल्याच आठवड्यात चारांच्या सात शिट्ट्या झाल्या तरी तूरडाळ टणकच. पलीकडून मामी शिट्ट्या मोजत होत्या.

"हिशेबनीस, आमसूल आधीच घातलंत ना?"

मी हो म्हणालो.

"मग आता सत्तर शिट्ट्या करा. आंबट लागलं की डाळ रुसते. ती शिजून मऊ झाली, की मग आमसूल. लिहा वहीत."

मी लिहिलं. तेव्हापासून माझं नाव हिशेबनीस पडलं.

भाजीसुद्धा त्याच घ्यायच्या, त्यांची आणि माझीही. जवळच्या डोंगरी गावची एक भाजीवाली आठवड्यातून दोनदा यायची. मामी खिडकीच्या ग्रिलच्या छोट्या दारातून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायच्या. मेथी वर आली की हुंगून बघायच्या आणि पसंत पडली नाही तर तशीच खाली पाठवायच्या. भाजीवाली खालून ओरडायची, "मामी, आजची हाय, शिळी न्हाय!" मामी वरून शांतपणे सांगायच्या, "आजची असेल गं, पण सकाळपासून पाण्यात बुडवलेली आहे." तेवढाच त्यांचा बाजार.

दुपारी एक वाजता त्या जाळीजवळ स्टुलावर बसून सुनेने सकाळी सहाला भरलेला डबा उघडायच्या. गार पोळी, गार भाजी. "तोंडी लावायला तुमच्या फोडणीचा वास पुरतो," म्हणायच्या. जाळीच्या गजांमधून ताट जायचं नाही, वाटी जायची. माझ्या आमटीची एक वाटी मी रोज द्यायचो. त्या चव घेऊन गुण सांगायच्या. वर्षभरात दहापैकी सातच्या वर मी गेलो नाही.

मग एक दिवस त्यांनी किल्लीचा विषय काढला.

"मला एकदा तुमच्या ओट्यापाशी उभी राहू द्या. मी कुळथाची पिठी करते. तुम्ही हात लावायचा नाही, बोलायचं नाही, नुसतं बघायचं. आणि मग संदीपला सांगायचं, आईला जमतं म्हणून. माझं तो ऐकत नाही, तुमचं ऐकेल. तुम्ही मोजून बोलता."

मी शब्द दिला होता, म्हणून नाही म्हणालो. दोन महिने नाही म्हणत राहिलो. पुढे एका दुपारी लोडशेडिंगमुळे पंखे बंद होते, जिन्यात उकडत होतं, आणि मामी डबा न उघडता बसल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "हल्ली माझ्या हातांना कसलाच वास येत नाही हो."

मी किल्ली आणली.

ते सोळा फूट चालायला त्यांना बराच वेळ लागला. ओट्याशी आल्यावर मात्र त्या ताठ उभ्या राहिल्या. पदर खोचला, हात धुतले, वाटीच्या बुडाने लसूण ठेचली. कुळथाचं पीठ गार पाण्यात कालवलं. गरम पाण्यात घातलं की गाठी होतात, हे माझ्याकडे न बघता सांगितलं. फोडणी देऊन पाणी ओतलं, मीठ घातलं, उकळी आल्यावर पीठ सोडलं. ढवळता ढवळता आपल्या आईच्या चुलीबद्दल बोलू लागल्या. चेहरा इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता. बोलता बोलता पुन्हा मीठ घातलं. लसणीची सालं गोळा केली, आमसूल टाकलं आणि तिसऱ्यांदा मीठ घातलं.

मी बोलायचं नाही असं ठरलं होतं. बोललो नाही.

त्यांनी थोडी पिठी तळहातावर घेऊन चाखली. बराच वेळ ढवळत राहिल्या. मग विचारलं, "मीठ किती वेळा घातलं मी?"

गोदामात अकरा वर्षांत माझा आकडा कधी चुकला नव्हता.

"एकदा," मी म्हणालो.

"आणि संदीपला तसंच सांगाल?"

मी पातेल्याकडे बघत राहिलो. मामींनी गॅस बंद केला, ओल्या फडक्याने ओटा पुसला, फडकं पिळून नळावर वाळत घातलं. मग माझा हात धरून सोळा फूट परत चालल्या आणि आपल्या स्टुलावर बसल्या.

"लावा कुलूप," त्या म्हणाल्या. "नीट ओढून बघा."

पुढच्या वर्षी संदीप त्यांना घेऊन नाशिकला राहायला गेला. तोपर्यंत मामी मला रोज शिकवत होत्या, गुण देत होत्या. किल्लीचं नाव मात्र त्यांनी पुन्हा काढलं नाही.