डॉक्टरांच्या होडीची खडखड

कुठून येतोय ते कळलं नाही, असा एकही आवाज डॉक्टरांना सहन होत नसे. दाढेत औषध भरता भरता त्यांचा हात थांबायचा, मान वळायची आणि आ वासलेला पेशंट तसाच खुर्चीत ठेवून ते पंख्याचा, स्टुलाचा, शेवटी शेजारच्या पिठाच्या गिरणीचा तपास करून यायचे. एकदा पोलादपूरला जाताना त्यांनी एसटी थांबवायला लावली आणि ड्रायव्हरबरोबर स्वतः गाडीखाली शिरले. खडखड करत होता तो मागच्या सीटखालचा दुधाचा रिकामा कॅन. त्याचा मालक शांतपणे म्हणाला, "मी सांगणार व्हतो, पन मला कोनी इचारलंच नाय."

महाडच्या बाजारपेठेत त्यांचा दातांचा दवाखाना होता आणि वरच्या दोन खोल्यांत मी भाडेकरू. मी हायस्कुलात शिकवायचो, डॉक्टर मला 'सर' म्हणायचे आणि आपलं म्हणणं ऐकायला कुणी सापडलं नाही की वर यायचे.

दोष नक्की झाल्याशिवाय हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम होता. "दुखतो एक आणि बोट दाखवतो शेजारच्याकडे, ही दाताची जात," असं ते म्हणत. हा नियम त्यांना वहिनींमुळे मिळाला होता. उमेदवारीच्या काळात त्यांनी एका मुलीचा चांगला दात उपटला आणि किडका तसाच ठेवला. माफी मागायला ते तिच्या घरी इतक्या वेळा गेले की शेवटी मुलीच्या वडिलांनी पत्रिका पुढे केली. वहिनी ही हकिकत हसत हसत सांगायच्या. "निदान चुकलं, पण निदान लग्न तरी झालं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

साठी उलटल्यावर डॉक्टरांच्या आयुष्यात होडी आली. त्यांच्या एका मुंबईकर पेशंटने तुडीलला सावित्री नदीच्या काठी घर बांधून शिडाची होडी आणली होती. हौस फिटल्यावर त्याने ती डॉक्टरांच्या गळ्यात मारली. वहिनींचं माहेर बाणकोटजवळ, सावित्री समुद्राला मिळते तिथे. "तुला माहेरी तुझ्या स्वतःच्या होडीतून नेतो," असं डॉक्टरांनी कबूल केलं. पहिल्याच रविवारी त्यांनी होडीतलं छोटं डिझेल इंजिन सुरू करून गिअर टाकला, आणि मागून खडखड सुरू झाली. फळीवर ठेवलेला वहिनींचा डबा थरथरत त्यांच्यापासून दूर चालू लागला. डॉक्टरांनी इंजिन बंद केलं. "बाणकोट नंतर. आधी निदान."

त्यानंतर कित्येक रविवार ती होडी धक्क्याला बांधलेलीच राहिली. इंजिन धडधडायचं, डॉक्टर पोटावर पडून कान लावायचे, वहिनी छत्री उघडून आपल्या जागेवर बसायच्या आणि घावणे वाटायच्या. मीही बरोबर असायचो. तुडीलचे लोक आम्हाला बघायला यायचे. गिअर नसताना आवाज नाही, गिअर टाकला की आवाज, इतकं समजलं. इंजिनचा जोड आणि होडीला ढकलणाऱ्या, पाण्यातल्या पंख्याचा शाफ्ट सरळ रेषेत बसलाय का हे बघायला डॉक्टरांनी दोन्हींच्या मध्ये निळा कागद धरला. दात एकमेकांवर नीट बसतात का ते बघायला पेशंटला चावायला देतात, तोच कागद. डाग सगळीकडे सारखा उमटला. "चावा उत्तम आहे," ते म्हणाले आणि जास्तच काळजीत पडले.

मग त्यांनी तो आवाज मोबाइलवर घेतला आणि दवाखान्यात पेशंटना ऐकवू लागले. तोंडात नळी असलेल्या माणसाला ते विचारायचे, "तुम्हाला काय वाटतं? इंजिन की शाफ्ट?" माणूस घशातून काहीतरी काढायचा आणि डॉक्टर त्यावर खरोखर विचार करायचे.

होडीची राखण करणारा पांडूदादा पूर्वी रेतीच्या होड्यांवर होता. त्याचं मत वेगळं होतं. "डॉक्टर, होडीला राग आलाय. तिला नारल पायजे." डॉक्टरांनी हुज्जत न घालता नारळ दिला, गिअर टाकला आणि ऐकलं. "चला, एक कारण कमी झालं," ते म्हणाले.

वहिनींचे गुडघे तोवर फार दुखू लागले होते. थंडीतल्या एका सकाळी त्या होडीत चढल्या, पांडूदादाने नेहमीसारखा हात दिला, आणि त्या म्हणाल्या, "पांडू, दोर सोड. पुढच्या वर्षी मला चढता येणार नाही. आज आवाजासकट जाऊ."

डॉक्टरांनी इंजिन सुरू करून गिअर टाकला. ओहोटी लागली होती. बरंच खाली गेल्यावर जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा अंगाला लागला, तेव्हा पांडूदादाने शीड वर चढवलं आणि डॉक्टरांनी इंजिन बंद केलं. होडी कलली, पळू लागली. वहिनींनी डोळे मिटून घेतले. आणि मागून आला तोच आवाज, खड, खड, खड.

"इंजिन बंद आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"बंद हाय," पांडूदादा म्हणाला. नारळ दिलेला असूनही त्याचा चेहरा उतरला होता.

डॉक्टरांचा मात्र उजळला. "सर, इंजिन निर्दोष आहे. होडी पळते म्हणून पाणीच पंख्याला फिरवतंय आणि पंखा शाफ्टला." त्यांनी गिअर टाकला. शाफ्ट अडला, आवाज थांबला. काढला, आवाज सुरू. हे ते पुन्हा पुन्हा करत राहिले आणि प्रत्येक वेळी आमच्याकडे बघत राहिले, आणि आम्हीही सगळे मागेच बघत होतो. त्यामुळे पुढे कोणीच बघत नव्हतं. होडी चिखलाच्या उंचवट्यावर चढली आणि थांबली.

पाणी उतरत गेलं. भरती येईपर्यंत हलणं शक्य नव्हतं. होडी एका कुशीवर पडली, वहिनी वरच्या बाजूला कठड्याला धरून बसल्या आणि डॉक्टर पँट दुमडून मांडीभर चिखलात उतरले. आता पंखा समोर उघडा होता. एका पात्यावर कालवांच्या शिंपल्यांचा थर बसला होता, दुसरं पातं स्वच्छ. डॉक्टरांनी शाफ्ट दोन बोटांत धरला आणि अंगठ्याने हळूच ढकलला. ज्या बेअरिंगमधून तो बाहेर येत होता, त्यातलं रबर गाळाने खाऊन टाकलं होतं.

"हलतोय," ते हळू आवाजात म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, मुळापासून हलतोय."

"मग बाणकोट?" वहिनींनी वरून विचारलं.

"आधी बेअरिंग."

बेअरिंग बदललं, कालवं खरवडली आणि उन्हाळा लागण्याआधी आम्ही खरंच बाणकोटला गेलो, इंजिनवर, आवाजाशिवाय. समुद्राच्या पहिल्या लाटेला डॉक्टरांना बोट लागली आणि ते होडीच्या तळाशी आडवे झाले. सुकाणू वहिनींनी धरलं. किनाऱ्याला त्यांचा भाचा उतरायला हात द्यायला पाण्यात आला होता, पण वहिनी बराच वेळ उतरल्याच नाहीत. नुसत्या सुकाणू धरून समोर बघत राहिल्या.

पुढच्या वर्षी डॉक्टरांचा उजवा हात थरथरू लागला. त्यांनी त्याच आठवड्यात दवाखान्याला कुलूप लावलं, कुणी आग्रह केला तरी दाताला हात लावला नाही. मला त्यांनी हात समोर धरून दाखवला. "बघा सर, आवाज नाही. नुसता हादरा. हा प्रकार मला नवीन आहे."

ते पुण्याला लेकीकडे राहायला निघाले त्या सकाळी मी खाली चहाला गेलो. सामान गाडीत चढत होतं. वहिनींनी डॉक्टरांच्या हातात कपबशी दिली आणि कप बशीवर वाजू लागला. डॉक्टर थबकले. त्यांची मान वळली. ते दाराकडे, खिडकीकडे, बाहेरच्या गाडीकडे बघू लागले. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण वहिनींनी मानेनेच नको म्हटलं. त्या पुढे झाल्या, बशी अलगद काढून घेतली आणि कप त्यांच्या दोन्ही हातांत नीट बसवला.

"गिरणी असेल," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी थोडा वेळ कान देऊन ऐकलं. मग समाधानाने चहा प्यायले.