अळी पाहून फुलगोबी घेणारे मामाजी

जगातली सगळी माणसं फ्लॉवर विकत घेताना त्यात अळी नाही ना, हे बघतात. आमचे मामाजी अळी आहे ना, हे बघायचे. बाजारात उकिडवे बसायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे, गड्डा डोळ्यांजवळ धरून तुऱ्यांच्या फटीत बोट घालायचे, आणि आत एखादी हिरवीगार, गुबगुबीत अळी वळवळताना दिसली की नात्यातलं कोणी भेटल्यासारखा चेहरा खुलायचा. ती गोबी लगेच पिशवीत, अळीसकट. आणि ती पिशवी माझ्या ओट्यावर. शी! मामाजींना जाऊन वर्ष होत आलं, तरी हे लिहिताना मी मध्येच उठून हात धुऊन आले.

मामाजी म्हणजे माझे सासरे. नागपूरकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात हे मला लग्न ठरल्यावर कळलं, मी नाशिकची. सासूबाई गेल्या तेव्हा गावचं वावर, म्हणजे शेत, बटईनं कसायला देऊन ते प्रतापनगरला आमच्याकडे राहायला आले. येताना एक ट्रंक, एक लोखंडी कढई आणि भाजी आणायचं काम आपल्याकडे घ्यायचा हट्ट, एवढंच घेऊन आले. पहिल्या दोन गोष्टींशी माझं काही भांडण नव्हतं.

मुळात मला ही भाजीच आवडत नाही. फ्लॉवर शिजायला लागला की घरात जे सुटतं त्याला वास म्हणवत नाही. मोरी तुंबल्यासारखं काहीतरी आधी स्वयंपाकघरात पसरतं, मग पडद्यांत शिरतं, आणि संध्याकाळी कामावरून आलं की दारातच स्वागताला उभं. चव म्हणाल तर ओला कापूस. पण नवऱ्याचा जीव तिच्यात आणि लेकीला डब्यात तीच हवी, त्यामुळे मी आठवड्यातून दोनदा नाकाला पदर लावून ती करायची. त्यात ही अळ्यांची भर! म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

बाजारातले भाजीवाले मामाजींना चांगले ओळखून होते. नवा कोणी असला की फसायचा. "बाबाजी, एकदम कवळा माल हाये, एक बी अळी निघाली तं पैसे वापस," असं म्हणत पांढरीशुभ्र गोबी पुढे करायचा. मामाजी ती हातातसुद्धा घ्यायचे नाहीत. "मंग ठेव बाप्पा तुयापाशीच. जे अळी खाऊन नाही राहिली, ते मानसानं काहून खावं?" असं म्हणून पुढे सरकायचे. मागे उभी मी लाजेनं अर्धमेली. आजूबाजूच्या बायका त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे अशा बघायच्या की, बिचारी, हिच्या घरी काय काय खातात कोण जाणे.

घरी आल्यावर गरम पाण्यात मीठ-हळद घालून ते गोबी बुडवायचे आणि शेजारी स्टूल टाकून बसायचे. मी आत जायचीच नाही. पण ते हाक मारायचे, "सूनबाई, ये वं, पाह्य ना, कशी मस्त निघून राहिली!" त्यांना खरंच वाटायचं की मी बघावं. वर आलेली अळी चमच्यानं उचलून ते गॅलरीतल्या माझ्या जास्वंदीवर सोडायचे. अर्धी जिवंत, अर्धी मेलेली, हळदीनं पिवळी झालेली. जास्वंदीची पार चाळण झाली. मी नवऱ्यापाशी रडले, भांडले, माहेरी जाते म्हणाले. नवरा म्हणाला, "बाबांचं राहू दे ना, दुसरा त्रास काय आहे त्यांचा?" दुसरा त्रास खरंच काही नव्हता, हीच तर पंचाईत होती.

आता खोटं कशाला बोलू, करायचे मात्र फक्कड. पाण्याचा थेंब घालायचे नाहीत. "गोबीले उकडलं का ते बदला घेते," म्हणायचे. लोखंडी कढई चांगली तापवून जवसाचं तेल, त्यात ठेचलेला लसूण आणि लाल तिखट, मग कोरडे केलेले मोठे मोठे तुरे, आणि झाकण न ठेवता कडा खरपूस होईपर्यंत परतणं. झाकण ठेवलं की वास कोंडतो आणि भाजीत मुरतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. देठ सोलून तुरीच्या वरणात, आणि कोवळी पानं बारीक चिरून बेसन लावून. आपण जे कचऱ्यात टाकतो त्याचीच दुसरी भाजी व्हायची, आणि नवरा पहिली सोडून दुसरीच मागायचा. एकदा सगळ्यांनी फारच आग्रह केला म्हणून मी एक तुरा तोंडात टाकला. चांगला लागला, अगदी चांगला. आणि गिळता गिळता सकाळची ती पिवळी अळी आठवली. पुढचं सांगत नाही.

एकदा सीताबर्डीवर कपडे घ्यायला गेलो होतो, तेव्हा लेकीनं गाडीवरचं गोबी मंचुरियन मागितलं. लालभडक, चिकट, वरून कांद्याची पात. मामाजींनी प्लेट उचलून वास घेतला, काडीनं एक गोळा उकलून आत डोकावले आणि म्हणाले, "इच्यात गोबी कुठी हाये? हे तं गोबीची तेरवी हाये." गाडीवाला हसला. मीही हसले. त्या एका दिवशी आमचं दोघांचं एकमत झालं होतं.

आता ताईबद्दल सांगायला हवं. ताई म्हणजे माझी नणंद, मामाजींची थोरली. ती शहराबाहेर वाडीला राहते. तिच्या सासरचं मालवाहतुकीचं काम आहे आणि घर गोदामांच्या मागेच. मामाजी महिन्या-दोन महिन्यांनी तिच्याकडे जायचे, चहा घ्यायचे, नातवंडांच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि जेवायची वेळ झाली की उठायचे. कधी उपास, कधी पोट बिघडलेलं. फारच धरून बसवलं तर म्हणायचे, "लेकीच्या घरचं खात नसते वं बाप." जुनी रीत आहे, खरी. पण ताई म्हणायची, लग्नानंतर दोन वर्षं बाबा माझ्याकडे पोटभर जेवत होते, मग एकाएकी ही रीत कुठून आठवली? पंधरा वर्षं तिनं हा प्रश्न धरून ठेवला होता. तिच्या सासूबाईंकडून काही कमी-जास्त झालं असावं, अशी तिची पक्की खात्री झाली होती आणि त्यावरून तिचं सासूशी कधी नीट जमलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्या सासूबाईही गेल्या.

खरं काय ते मला कळलं एका सकाळच्या भांडणातून. अळ्यांना कंटाळून मी मॉलमधून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फ्लॉवर आणला होता. स्वच्छ, पांढरा, कुठे डाग नाही. भाजी केली, लेकीच्या ताटात वाढली. मामाजी अंघोळ करून आले, ओट्यावरचा अर्धा उरलेला गड्डा त्यांनी पाहिला आणि लेकीच्या हातातला घास काढून घेतला. ताट उचललं आणि सगळं कचऱ्याच्या डब्यात! पोर भेदरून रडायला लागली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मामाजी, माझ्या पोरीच्या तोंडचा घास काढता? तुम्ही घरात किडे आणता आणि मी चांगलं आणलं तर फेकता?" असं मी अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल इतकं ओरडले.

ते मागच्या जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. पोरीला शाळेत सोडून मी परत आले तरी तिथेच होते. मग आपणहून बोलायला लागले.

"मी फुलगोबी लावत होतो ना वं वावरात. आठ-धा वर्स. माया मालाले कळमन्याच्या बाजारात नाव होतं. एक अळी सापडायची नाही. कशी सापडंल? आज फवारा अन् उद्या तोडा. डब्यावर लिहिलं राह्यते, इतके दिवस थांबा म्हून. कोन थांबते? थांबलं का अळी पडते. घरच्यासाठी विहिरीपाशी दोन वेगळ्या सऱ्या होत्या, त्याईले फवारा नाही. समदेच ठेवत होते तसं. आपलं वेगळं, बाजाराचं वेगळं."

मग एकदा ते असेच वाडीला ताईकडे गेले. ताईच्या सासूबाईंनी, म्हणजे मामाजींच्या विहीणबाईंनी, व्याही आले म्हणून स्वतः चुलीपुढे बसून फुलगोबीची भाजी केली होती. मामाजी हात धुवायला मागे गेले, तर अंगणाच्या कोपऱ्यात गोबीचा पाला पडलेला आणि त्या पानांना अंबाडीच्या वाखाची गाठ. गोबी पांढरी राहावी म्हणून वावरातच तिची पानं वर ओढून बांधतात. बाकीचे सुतळीनं बांधायचे. अंबाडीचा वाख वापरणारे त्या भागात मामाजी एकटेच.

"आदल्याच दिवशी तोडली होती," मामाजी म्हणाले. "अन् त्याच्या आदल्या दिवशी फवारली. पानावर बसलो. माई पोर, जावई, ईनबाई, समदे खाऊन राहिले. ताईचं पहिलं लेकरू पोटात होतं. मी काय बोलू? बापानं इख पाठवलं म्हनू? ईनबाई तीनदा विचारत होत्या, भाजी कशी झाली, भाजी कशी झाली. माया तोंडातून शबद नाही निंगला. खाल्ली मी बी. अन् घरी येऊन वकलो."

"मग? कुणाला काही झालं?" मी विचारलं.

"कोनालेच काही नाही झालं. म्हून तं आजलोक कोनाले समजलं नाही."

त्या वर्षी त्यांनी गोबी लावणं बंद केलं. आणि त्या दिवसापासून ताईच्या घरचं ताट त्यांना बघवेना.

तुम्हाला वाटेल, हे ऐकून मला त्यांची दया आली. नाही आली. मला त्यांची किळस आली. अळीची यायची त्याहून जास्त. हा माणूस रोज माझ्या पोरीला जवळ घेतो, आणि आठ-दहा वर्षं यानं दुसऱ्यांच्या पोरींना काय खाऊ घातलं? विहिरीपाशी वेगळ्या सऱ्या! आपल्यापुरत्या! चार दिवस मी त्यांच्या हातचा चहा घेतला नाही. पाचव्या दिवशी म्हटलं, "मामाजी, ताईंना सांगा. मेलेल्या सासूला त्या अजून दोष देतात. तुम्ही सांगत नसाल तर मी सांगते." ते म्हणाले, "सांगतो." आणि तीन महिने काही सांगितलं नाही.

संक्रांतीला ताई आली. तिळगूळ दिला, बसली, आणि निघताना नेहमीचं बोलली, "बाबा, आता तं सासूबाई बी नाहीत. आता तरी या ना जेवायले. आता कोनावर राग हाये तुमचा?" मी मामाजींकडे बघितलं. नुसतं बघितलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सांगितलं. सगळं. गोबी, फवारा, अंबाडीची गाठ.

ताई ऐकत होती. मला वाटलं आता भडकेल, नाहीतर रडेल. ती म्हणाली, "मले माहीत होतं ना तुमची होती ते. गाठ ओयखली म्हून तं घेतली. सासूबाईले दाखवली, म्हनलं, पाहा, माया बाबाच्या वावरातली हाये. म्हून त्याईनं सोताच्या हातानं केली."

मामाजींनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

"फवाऱ्याचं काय घेऊन बसले बाबा," ताईचा आवाज आता चढला. "समदं जगच ते खाऊन राहिलं. पन तुम्ही पंधरा वर्स माया घरून उपाशी उठले! मी सासूबाईले बोलली, टाकून बोलली. त्या बिचाऱ्या दवाखान्यात पडल्या होत्या तरी मले विचारत होत्या, 'तुया वडलाले माया हातचं काय नाही आवडलं वं?' आता त्याईले कोन सांगंल?"

तिळगुळाची वाटी तिथेच ठेवून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी धुतलेलं धोतर नेसून तयार. मला म्हणाले, "चाल वं, वाडीले." ऑटोनं निघालो. ट्रकांच्या रांगेत अर्धा तास अडकलो. ताईनं दार उघडलं, आत घेतलं आणि पाठ फिरवून स्वयंपाकघराकडे वळली. मामाजी म्हणाले, "वाढ मले."

घरात शिळी पोळी आणि कालचं वरण होतं. तिनं तेच गरम करून पुढे ठेवलं. मामाजींनी ताट उचललं आणि समोरच्या खोलीत, जिथे भिंतीवर ताईच्या सासूबाईंचा हार घातलेला फोटो होता, तिथे जाऊन खाली बसले. सगळं जेवले. ताट बोटानं पुसून घेतलं. मग फोटोकडे बघून, घरात पाहुणा बोलतो तसे बोलले,

"ईनबाई, भाजी चांगली झाली होती वं त्या दिवशी."