मिस्त्रींची पायरी

आमच्या बाबांना सगळे मिस्त्री म्हणतात. त्यांच्या उजव्या कानावर पेन्सिल असायची आणि डाव्या कानावर सिगरेट. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच बापांच्या कानांची अशी वाटणी झालेली असते. पेन्सिल महिनाभर पुरायची, दुसऱ्या कानावरचा माल तासभरही टिकत नसे.

आमचा कारखाना म्हणजे घराला लागून असलेली एक लांबट खोली. तिथे बाबा सुतारकाम करतात, मी पॉलिश करते आणि आई आम्हा दोघांच्या चुका काढते. भुसा आणि थिनर असलेल्या खोलीत काडी ओढायची नाही, हा बाबांचाच नियम. म्हणून सिगरेट ओढायला ते दाराबाहेरच्या दगडी पायरीवर बसायचे आणि धूर सोडत आतल्या अर्धवट कामाकडे बघत राहायचे. "बसले उंटावरून शेळ्या हाकायला," असं आई म्हणायची. ती स्वतः त्या पायरीवर कधी बसली नाही. धुराड्याशेजारी कोण बसणार, असं तिचं म्हणणं.

हे सगळं बदललं ते एका कपाटापायी. कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवायचं होतं. वरच्या बाजूला बाबा, खाली मी. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बाबांना खोकल्याची अशी उबळ आली की त्यांच्या हातून कपाट सुटलं आणि सगळा भार माझ्यावर आला. पाठ भिंतीला लावून मी ते कसंबसं तोललं, पण माझी दोन बोटं कपाट आणि कठड्यामध्ये सापडली. बाबांना "हात काढ" एवढंही बोलता येईना. ते नुसते माझ्या बोटांकडे बघत खोकत होते.

बोटं मोडली नाहीत, नुसती सुजली. पण त्या संध्याकाळी बाबांनी कानावरची सिगरेट आणि खिशातलं अख्खं पाकीट भुशाच्या पोत्यात कोंबलं. आई म्हणाली, "इतकी वर्षं घसा फोडून सांगतेय, तेव्हा नाही ऐकलंत. पण सोडताय ना, सोडा. म्हातारपणी मला एकटीला चहा प्यायला आवडणार नाही." हे ती हसत म्हणाली आणि लगेच आत निघून गेली.

सिगरेट बाबांनी सोडली आणि भोगली आम्ही. लवंगा झाल्या, बडीशेप झाली, गाजरं झाली. एक गाजर तर त्यांनी कानावर ठेवून पाहिलं. शेवटी रिकाम्या कानावर दुसरी पेन्सिल बसवली आणि दोन्ही कानांवर पेन्सिली असताना "माझी पेन्सिल कुणी घेतली?" म्हणून घर डोक्यावर घेतलं. खिळा वाकला तर माझ्यामुळे, सरळ गेला तर माझ्या नशिबाने. समोरचा शिंपी एकदा सहज म्हणाला, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, मिस्त्री." त्याला बाबांनी पुढे कितीतरी दिवस पाण्यात पाहिलं.

पायरीकडे मात्र ते फिरकेनात. तिथे बसलं की हात आपोआप कानाकडे जातो, म्हणाले. सकाळी कामाला उभे राहिले की जेवायलाच काय ते हलायचे. कामाचा उरक एवढा वाढला की मी आणि आई मनातून खूश होतो.

त्या उरकातच दातांच्या डॉक्टरीणबाईंचं काउंटर झालं. मागे खुर्चीवर नावं लिहिणारी मुलगी बसणार, पुढे पेशंट उभे राहणार. पॉलिश मी असं केलं होतं की त्यात तोंड पाहावं. दवाखाना त्या कपाटवाल्या इमारतीतच तिसऱ्या मजल्यावर होता आणि कपाटाच्या प्रकारानंतर बाबा जिन्याचं नाव काढत नव्हते, म्हणून दोन हमालांनी काउंटर वर नेलं. जागेवर ठेवलं. ती मुलगी ऐटीत मागे जाऊन बसली आणि नाहीशी झाली. वर दिसत होती फक्त तिच्या केसांतली क्लिप.

"इथे कोणी आहे का?" एका पेशंटने विचारलं.

"आहे ना!" क्लिप म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या, मी हसले, ती मुलगी तर पोट धरून हसली. बाबा हसले नाहीत.

काउंटर कारखान्यात परत आलं, तेव्हा ते म्हणाले, "धुराबरोबर माझा डोळाही गेला. ओढत होतो तेव्हा चूक आधी मला दिसायची, मग गिऱ्हाइकाला. सुताराचा डोळाच गेला तर राहिलं काय?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. अशी चूक त्यांच्या हातून कधीच झाली नव्हती. ते पुन्हा ओढायला लागणार, पुन्हा तो खोकला, याचीच मला भीती होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते कोपऱ्यावरच्या दुकानातून एक सिगरेट घेऊन आले.

"बाबा, नको ना."

"एकच. डोकं चालायला हवं."

जाऊन पायरीवर बसले. पण काडेपेटी कुठे होती? घरातल्या सगळ्या आईने केव्हाच गायब केल्या होत्या. बाबांनी तिथूनच हाक मारली, "अगं, काडेपेटी आहे का? दिवे गेले तर जवळ असलेली बरी!"

"भर दुपारी? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?" आई आतून म्हणाली. "थांबा, शोधते."

आणि ती शोधायला लागली. डबे वाजले, खण उघडले, भांडी पडली. मी आत जाऊन पाहिलं, तर काडेपेटी तिच्या डाव्या मुठीत होती आणि उजव्या हाताने ती डबे वाजवत होती. डोळे भरून आले होते तिचे. "जेवढा वेळ जाईल तेवढा जाऊ दे गं," एवढंच म्हणाली.

मी कारखान्यात परत आले. बाबा ओठांत कोरडी सिगरेट धरून पायरीवर बसले होते. करायला काही नव्हतं, म्हणून दारातून आत बघत होते. बघता बघता त्यांची मान तिरकी झाली.

"जरा त्या काउंटरमागे स्टूल टाकून बस."

मी बसले. "नाही ना दिसत? माहीत आहे ते, बाबा."

"तसं नव्हे गं! मी उभ्याने केलं ते. उभ्याला सगळं बुटकंच वाटतं. इथे बसलं की माणूस बसलेल्याच्या डोळ्याने बघतो." ते उठले, सिगरेट पायरीवर ठेवली, कानावरची पेन्सिल काढली आणि काउंटरवर वीतभर खाली रेघ मारली. "इतकी वर्षं काम केलं या पायरीने आणि शाबासकी दिली मी त्या कांडीला!"

मागून आई आली. "ही घ्या."

"काय?"

"काडेपेटी."

"कशाला?" बाबांनी विचारलं, आणि त्यांनी ते अगदी खरंखुरं विचारलं.

आईने सिगरेट केरासोबत लोटून दिली. दोन कप चहा आणला आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्या पायरीवर टेकली. थोडा वेळ आत बघत राहिली, मग म्हणाली, "इथून खरंच छान दिसतं हो. तुमच्या लेकीने डाव्या कोपऱ्यात पॉलिशचा ओघळ सोडलाय." तेव्हापासून रोज चहाला दोघं पायरीवर असतात आणि चुका माझ्या निघतात.

कापलेलं काउंटर पुन्हा न्यायची वेळ आली. मी हमालांना फोन लावत होते, तर बाबा म्हणाले, "राहू दे. तू आणि मी." माझी बोटं आपोआप मुठीत गेली. त्यांनी ते पाहिलं.

"या वेळी खाली मी," ते म्हणाले.

जिना चढताना त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. डावीकडे घे. भिंत सांभाळ. बोटं आत, बोटं आत! दुसऱ्या मजल्याचं ते वळण आलं, तेव्हा मी श्वास रोखून धरला होता. बाबा मात्र हा जिना बांधणाऱ्या गवंड्याच्या अकलेवर बोलत होते आणि बोलत बोलतच वळले. तिसऱ्या मजल्याला सात-आठ पायऱ्या उरल्या आणि माझे हात भरून आले.

"बाबा, थांबा ना जरा. दम लागला मला."

काउंटरच्या खालून खणखणीत आवाज आला, "दम? का गं, ओढतेस की काय?"